रविवारचा पाऊस

सेलू तालुक्यातल्या एका शाळेतली पावसाची वही काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आली. शाळेच्या आवारात पर्जन्यमापक होता. रोज सकाळी साडेआठला एक विद्यार्थी बाटलीतले पाणी मोजपात्रात ओतून मागच्या चोवीस तासांत किती मिलिमीटर पाऊस झाला ते लिहीत असे. वहीत काही जागा कोऱ्या होत्या. पाऊस नसेल म्हणून लिहिले नसेल, असे धरून मी तिथे शून्ये भरली, सरासरी काढली, पावसाचे दिवस मोजले आणि मोकळा झालो.

नंतर आलेख काढला. ठरावीक अंतराने एक खांब शेजाऱ्यांपेक्षा उंच, आणि त्याच्या अगदी आधी एक रिकामी जागा. दिनदर्शिका घेऊन ताडून पाहिले, तर उंच खांब सोमवारचे आणि रिकाम्या जागा रविवारच्या. पावसाला वार कळत नाही. शाळेला मात्र कळतो. रविवारी मोजायला कोणी नसे, आणि सोमवारी सकाळी बाटलीत दोन दिवसांचे पाणी असे. चूक मुलांची नव्हती. त्यांनी प्रामाणिकपणे जागा कोरी सोडली होती, ती बुजवली मी.

ही चूक ज्या साधनाने मला दाखवली ते म्हणजे 'आर' ही संगणकभाषा. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोघांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ती रचली. दोघांच्याही नावाचे आद्याक्षर आर. बेल प्रयोगशाळेत जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ पासून विकसित केलेली 'एस' ही तिची पूर्वज. आर विनामूल्य मिळते आणि शाळेतल्या साध्या संगणकावरही चालते.

कोऱ्या जागेला आरमध्ये स्वतंत्र खूण आहे: 'एनए', म्हणजे 'माहिती उपलब्ध नाही'. ही खूण शून्याहून वेगळी आहे. समजा, शुक्रवार ते गुरुवार या सात दिवसांच्या नोंदी १२, ०, कोरी, ३८, ६, ०, ४ अशा आहेत. यांची सरासरी मागितली तर आर उत्तर देते: एनए. नवख्याला हा हट्टीपणा वाटतो. पण एक संख्या माहीत नसताना सातांची सरासरी सांगता येत नाही, हे खरेच आहे. कोऱ्या नोंदी वगळ, असे आपण स्पष्ट लिहिले तरच ती ६० ला ६ ने भागून १० देते. कोऱ्या जागी शून्य भरले तर ६० ला ७ ने भागून सुमारे ८.६.

यातले बरोबर कोणते? गंमत अशी की, कोरी जागा रविवारची असेल तर ८.६ बरोबर, कारण रविवारचे पाणी सोमवारच्या ३८ मध्ये आलेलेच आहे. पण पावसाचे दिवस चुकतात. हवामान खाते २.५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झालेला दिवस 'पावसाचा' मानते. वरच्या आकड्यांत असे दिवस चार दिसतात. प्रत्यक्षात पाच असू शकतील. आणि ३८ चा एकच दणका होता की २० आणि १८ अशा दोन सरी, हेही कळत नाही. जमिनीत मुरण्याच्या दृष्टीने दोन्ही सारखे नाहीत.

त्याच वहीत एक कोरी जागा बुधवारची होती. गुरुजींना विचारले तेव्हा कळले, त्या दिवशी बकरीने बाटली लवंडली होती! ते पाणी कोणत्याच नोंदीत नाही. तिथे शून्य भरणे साफ चूक. साधारण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये, असा सल्ला कृषी विभाग देत असतो. जूनमधली बेरीज करताना अशी एखादी नोंद शून्य धरली, तर ओल पुरेशी असूनही आकडा थांबायला सांगेल. उलट, बेरीज वाढत दाखवणारी आज्ञा आरला दिली तर त्या बुधवारपासून पुढे सगळीकडे एनए येते. 'इथून पुढचे मला माहीत नाही' असेच ती म्हणते.

वही संगणकात भरताना आणखी दोन खड्डे. आपल्याकडे शून्याऐवजी 'निरंक' लिहायची सवय आहे. आकड्यांच्या रकान्यात असा एकही शब्द आला की आर तो अख्खा रकाना शब्दांचा समजते. देवनागरी अंकांचेही तेच होते. दुसरा खड्डा तारखांचा. ०५/०७/२०२३ ही तारीख कोणत्या क्रमाने लिहिली आहे ते न सांगता दिली, तर आर ती इसवी सन ५ मधली २० जुलै अशी वाचते, आणि तक्रारही करत नाही.

आलेख काढताना खांबांच्या आलेखावर फार विसंबू नये. त्यात शून्य आणि एनए दोन्ही रिकामेच दिसतात. बिंदू रेषेने जोडणाऱ्या आलेखात शून्य तळाला टेकते, एनए आले की रेषा तुटते. आणखी एक आलेख वर्गात जरूर काढून घ्यावा: तारखांऐवजी वारांप्रमाणे नोंदींचे सात गट करून शेजारी शेजारी मांडायचे. आरमध्ये हे एका ओळीचे काम आहे. संगणक नसेल तर चौकटीच्या कागदावर तासाभरात होते.

त्या शाळेच्या वहीत आता तारीख, वार आणि मिलिमीटर यांच्या पुढे चौथा रकाना आहे: 'नोंद नसल्यास कारण'. त्यात 'रविवार' पुष्कळदा येते. 'बकरी' अजून एकदाच.