भिगवणला लागलेली लॉटरी

भिगवणजवळच्या कुंभारगावला गेलो होतो रोहितांसाठी (फ्लेमिंगो), पण नशिबात होता मासे पकडणारा शिकारी पक्षी, ऑस्प्रे! नावाडीदादांनी इंजिन बंद करून "दादा, वर बघा" म्हणेपर्यंत पठ्ठ्यानं उजनी धरणाच्या फुगवट्यात पाय पुढे करून सूर मारलासुद्धा. वर आला, हवेतच अंग झटकलं आणि मासा फिरवून डोकं पुढे, शेपूट मागे असा धरला. असा धरला की उडताना हवेचा विरोध कमी होतो.

फोटो झूम करून पकड बघा: दोन बोटं पुढे, दोन मागे. बाहेरचं बोट तो हवं तेव्हा मागे वळवतो. शिवाय तळव्यांवर बारीक काटे असतात, त्यामुळे बुळबुळीत मासाही सहसा निसटत नाही. बाकी शिकारी पक्ष्यांमध्ये घुबडं सोडली तर ही बोटाची करामत जवळपास कुणाकडे नाही.

ऑस्प्रे हा आपल्याकडचा हिवाळी पाहुणा. परतताना विजेच्या तारेवर कापशी घारही भेटली, लाल डोळे वटारून बसलेली. ती मात्र बारमाही.

विचारणाऱ्यांसाठी: शटर १/२५००, फोकस कंटिन्युअस. आणि होडी पक्ष्यामागे पळवायला लावू नका, तो शिकार सोडून निघून जातो.