फिर्याद लिहिताना

वस्तीत अन्याय घडला म्हणजे सारे पेटून उठतात. मोर्चा निघतो, घोषणा होतात. परंतु पोलीस ठाण्यात द्यावयाचा कागद मात्र कोणीतरी घाईघाईने खरडतो. 'आमच्यावर अनन्वित अत्याचार झाले, तरी गरिबांस न्याय मिळावा' एवढेच त्यात असते. कोणी, केव्हा, कोठे, कोणासमोर काय केले, हे नसते. बँकेच्या काउंटरवर आम्ही रोज पाहतो, तारीख नसलेला चेक कितीही मोठ्या रकमेचा असो, वटत नाही. फिर्यादीचेही तसेच आहे.

अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ सालचा. जातीवरून शिवीगाळ करण्याच्या गुन्ह्यात कायदा काय पाहतो? आरोपी अनुसूचित जाती-जमातीचा नाही, फिर्यादी आहे, शिवी जातीचे नाव घेऊन दिली, आणि ती लोकांच्या दृष्टीस पडेल अशा जागी दिली. यातील प्रत्येक गोष्टीला फिर्यादीत निदान एक स्वतंत्र वाक्य हवे. आमचे लोक नेमके येथेच चुकतात. 'जातीवाचक शिवीगाळ केली' असे लिहून मोकळे होतात. उच्चारलेले शब्द जसेच्या तसे लिहावेत. ते लिहिताना हात अडखळतो हे खरे, पण लाज बोलणाऱ्याची आहे, लिहिणाऱ्याची नव्हे.

जागेचेही तसेच. चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी नसताना झालेला अपमान या कलमात बसत नाही, असे सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये म्हटले आहे. म्हणून 'घरी येऊन शिव्या दिल्या' असे मोघम न लिहिता, घटना तशी असेल तर, 'ओट्यावर उभे राहून दिल्या, समोर दहा पावलांवर सार्वजनिक नळ आहे, तेथे अमुक व तमुक पाणी भरीत होते' असे लिहावे. साक्षीदार केवळ नात्यातले नसतील तर अधिक बरे. तक्रारीस उशीर झाला असेल, तर त्याचे कारणही त्यातच नमूद करावे.

रागाच्या भरात हजर नसलेल्यांची नावे घालण्याची खोड फार वाईट. एक नाव खोटे ठरले की उरलेल्या खऱ्यांवरही संशय येतो. लिहिले ते शाबीत करावे लागते. चवदार तळ्याच्या खटल्यात अस्पृश्यांना मनाई करण्याची वहिवाट अनादी काळापासूनची आहे, असे सनातन्यांनी म्हटले. म्हटले म्हणून ते सिद्ध करणेही त्यांच्याच गळ्यात आले. ते जमले नाही, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टात निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला.

फिर्याद तोंडी सांगितली तर ठाणे अंमलदाराने ती लिहून वाचून दाखवावयाची असते. वाचल्याशिवाय सही करू नये. प्रत मोफत मिळते, ती मागून घ्यावी. 'आधी चौकशी करू, मग पाहू' असे सांगितल्यास २०१८ च्या दुरुस्तीने आलेले कलम १८-अ दाखवावे. या कायद्याखाली गुन्हा नोंदविण्यास प्राथमिक चौकशीची गरज नाही. तरीही नोंद नाकारली, तर तोच मजकूर टपालाने जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे पाठवावा व पावती जपावी.

थोडक्यात लिहिण्याची सवय विद्यार्थ्यांना माहिती अधिकाराच्या अर्जावरून लावता येईल. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे त्यात विषय एकच आणि शब्द १५० च्या आत असावे लागतात.