स्तनातली गाठ, पण मूळ तळपायात?

स्तनात गाठ हाताला लागली की मनात पहिला शब्द येतो तो कॅन्सर. बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, हे आधी लक्षात ठेवू या. पण काही मोजक्या स्त्रियांची गाठ कॅन्सरची निघते आणि तरीही तो स्तनाचा कॅन्सर नसतो. तो शरीरात दुसरीकडे सुरू होऊन तिथे पोहोचलेला असतो, कधी कधी कातडीवरून.

स्तनात सापडणाऱ्या कॅन्सरच्या गाठींपैकी असे बाहेरून आलेले कॅन्सर शंभरात साधारण दोन किंवा त्याहूनही कमी. त्यात कातडीचा 'मेलॅनोमा' हे एक नेहमी आढळणारे मूळ आहे. आपल्या कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा हा कॅन्सर. त्या पेशी मूळ जागा सोडून लसिकेतून किंवा रक्तातून पुढे जातात. काखेतल्या किंवा जांघेतल्या गाठी, फुप्फुस, यकृत, मेंदू, आणि क्वचित स्तन.

भारतात मेलॅनोमा कमी होतो, पण होतो तेव्हा तो बऱ्याचदा तळपाय, तळहात किंवा नखाखाली असतो. म्हणूनच तो लवकर ओळखू येत नाही. कुणाला वाटतं काटा रुतला, कुणाला वाटतं कुरूप झालं, कुणाला वाटतं ठेच लागून नख काळं पडलं. प्रसिद्ध गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या अंगठ्यातला मेलॅनोमा १९७७ मध्ये कळला. तोवर ती फुटबॉल खेळतानाची दुखापत वाटत होती. १९८१ मध्ये वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

डॉक्टरांना जुनी गोष्ट का सांगायची?

दोन्ही आजारांचे उपचार वेगळे असतात. स्तनाच्या कॅन्सरवर चालणाऱ्या हार्मोनच्या गोळ्या मेलॅनोमावर चालत नाहीत. पसरलेल्या मेलॅनोमासाठी शरीराची प्रतिकारशक्ती जागी करणारी इम्युनोथेरपी वापरतात. सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफीत अशी गाठ कधी कधी साध्या गाठीसारखी गोल, गुळगुळीत दिसते. खरा निकाल बायोप्सीतूनच कळतो. त्यातही तपासणाऱ्याला आधीची माहिती असली तर तो योग्य त्या जादा चाचण्या करतो. म्हणून पाच-दहा वर्षांपूर्वी तीळ किंवा चामखीळ काढली असेल, तर ती गोष्ट डॉक्टरांना जरूर सांगा. जुने कागद फेकू नका.

'सुई टोचली की कॅन्सर पसरतो' असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. या भीतीपायी तपासणी टाळू नका. पसरतो तो वेळ गेल्यामुळे.

शेजारच्या वर्ध्याचं उदाहरण

२०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधील मधुबनी येथील डॉक्टरांनी दोन वयस्क महिलांची नोंद एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. वर्षानुवर्षे कमरेला घट्ट बांधलेल्या वस्त्राने कातडी घासून जखम झाली आणि त्या जखमेत कॅन्सर झाला. हा मेलॅनोमा नव्हे, कातडीचा दुसरा प्रकार. त्यातली एक रोज लुगडं नेसणारी होती. तिची जखम दोन वर्षं भरली नव्हती, आणि निदान होईपर्यंत कॅन्सर जांघेतल्या गाठीत गेला होता. परकराची नाडी असो की सलवारचा नाडा, कातडीवर वळ उठेल इतका घट्ट बांधू नये.

काय बघायचं?

- तीळ किंवा डाग ज्याचा एक अर्धा भाग दुसऱ्यासारखा दिसत नाही, कडा वेड्यावाकड्या आहेत, एकाच डागात दोन-तीन रंग आहेत.
- ६ मिलिमीटरपेक्षा मोठा, म्हणजे पेन्सिलच्या मागच्या खोडरबराएवढा किंवा जास्त.
- वाढणारा, बदलणारा, रक्त येणारा डाग.
- नखावरची काळी रेघ जी रुंद होत चालली आहे.
- महिनाभरात न भरणारी जखम.

आपण वुजू करताना पायाच्या बोटांमधून बोट फिरवतोच. त्याच वेळी आठवड्यातून एकदा तळपायही उजेडात बघावा. घरातल्या वयस्क अम्मी-दादीचे तळपाय मुलींनी बघावेत, त्यांना स्वतःला वाकता येत नाही. हातापायाला मेहंदी असली की डाग झाकला जातो, म्हणून मेहंदी लावण्याआधी एक नजर टाकावी. वाढणारा तीळ जाळून, ॲसिड लावून किंवा पार्लरमध्ये काढून घेऊ नये. डॉक्टरांनी काढला तर तो तुकडा तपासणीला पाठवायला सांगावं.

लोहाऱ्याहून यवतमाळचं श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळच आहे. पुढच्या उपचारासाठी नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे अनेक उपचार येतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा.

आम्ही शाळेत पाहतो, घरातली आई स्वतःचं दुखणं सगळ्यांत शेवटी सांगते. छाती किंवा कमर दाखवायची लाज वाटते, हे समजण्यासारखं आहे. लेडी डॉक्टरांची मागणी करा, सोबत बहीण किंवा मुलगी न्या. घरातल्या पुरुषांनीही 'बघू नंतर' म्हणू नये. कातडीवरचा कॅन्सर लहान असताना निघाला, तर बहुतेक वेळा एका छोट्या ऑपरेशनमध्ये काम भागतं.