अंग भरतंय, पण किती?

टाइप १ मधुमेहाचं निदान होतं तेव्हा मूल बहुतेकदा वाळलेलं असतं. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी शरीराच्याच प्रतिकारशक्तीने मारलेल्या असतात. साखर लघवीवाटे निघून जाते आणि शरीर स्वतःची चरबी, स्नायू जाळत राहतं. जानेवारी १९२२मध्ये टोरांटोत ज्याला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं, त्या चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनचं वजन ३० किलोसुद्धा नव्हतं.

म्हणून उपचारानंतर अंग भरू लागलं की घरच्यांना हायसं वाटतं. वाटावंच. पण ते भरणं कुठवर जातंय, याकडे फार थोड्यांचं लक्ष असतं. इन्सुलिन साखर पेशींत पोचवतं, तसं चरबीही साठवतं. अमेरिका-कॅनडात १९८३ ते १९९३ चाललेल्या ‘डीसीसीटी’ चाचणीत काटेकोर उपचारांनी डोळे आणि मूत्रपिंडं जपली गेली, पण वजनंही जास्त वाढली. त्यात रात्री साखर उतरण्याची धास्ती. म्हणून झोपताना दूध-बिस्किटं. उतरलीच तर ग्लुकोज आणि वर काळजीपोटी एखादा लाडू. वजन वाढलं की इन्सुलिन पुरेसं लागू पडत नाही, डोस वाढवावा लागतो. टाइप १च्या जोडीला टाइप २ची लक्षणं येतात. डॉक्टर याला ‘डबल डायबेटिस’ म्हणतात.

हे वेळीच ओळखायला महागडं यंत्र लागत नाही. दर भेटीला उंची, वजन मोजून बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, तक्त्यावर मांडायचा. मुलांना मोठ्यांचे आकडे सरळ लावता येत नाहीत, कारण वाढत्या वयात बीएमआय बदलत जातो. ‘इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स’च्या २०१५च्या तक्त्यांत ५ ते १८ वर्षांसाठी दोन रेघा आहेत, प्रौढांच्या २३ आणि २७ बीएमआयशी जुळणाऱ्या. पहिलीच्या वर जादा वजन, दुसरीच्या वर स्थूलता.

तरी बीएमआय फसवतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन यांचं छायाचित्र २००४मध्ये ‘लॅन्सेट’ने छापलं. बीएमआय दोघांचाही २२.३, चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! तेव्हा कमरेलाही टेप लावावी. घेर उंचीच्या निम्म्याहून कमी हवा.

हे सगळं मुलाशी बोलायचं कसं, ही मला सर्वांत नाजूक बाब वाटते. इन्सुलिन चुकवलं की वजन उतरतं, हे किशोरवयीन मुलींना फार लवकर उमगतं. काही जणी मुद्दाम डोस टाळतात, रक्तात आम्ल साचतं आणि या कीटोअ‍ॅसिडोसिसने जीव धोक्यात येतो. चारचौघांत वजनाचा आकडा उच्चारू नये. आणि वजन अचानक उतरलेलं दिसलं, तर शाबासकी देण्याआधी एचबीए१सी, म्हणजे मागच्या काही महिन्यांची सरासरी साखर, पाहावं.