जुन्या ध्वनियंत्रातले सुकलेले कपॅसिटर

गिटारचा आवाज मुद्दाम फाटका, खरखरीत करणारी ‘फझ फेस’ नावाची एक पेटी १९६६ साली लंडनमध्ये तयार झाली. गोल धातूचा डबा, त्यावर डोळ्यांसारखी दोन फिरती बटणे आणि पायाने दाबायचा एक स्विच. जिमी हेंड्रिक्सने ती वापरली आणि तिचे नाव जगभर झाले. आत पाहिले तर दोन ट्रान्झिस्टर, चार रोधक, तीन कपॅसिटर आणि दोन बदलते रोधक, असे अवघे अकरा भाग! त्या काळातली पेटी आज वाजवली, तर पुष्कळदा आवाज पातळ येतो, बटण फिरवताना करकर होते. अशा वेळी पहिला संशय कपॅसिटरवर जातो. पण तिन्ही कपॅसिटर सारखेच दोषी असतात का?

पाठ्यपुस्तकात आपण कपॅसिटरला धारित्र म्हणतो. दोन धातूचे पत्रे आणि मध्ये विद्युतरोधक थर, ही त्याची रचना. तो बॅटरीचा एकदिश दाब अडवतो, पण गिटारकडून येणारे प्रत्यावर्ती संकेत पुढे जाऊ देतो. पत्र्यांचे क्षेत्रफळ जितके जास्त आणि मधला थर जितका पातळ, तितकी धारकता अधिक.

थर अतिशय पातळ करण्यासाठी एक युक्ती वापरतात. ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर विद्युत प्रक्रियेने ऑक्साइडचा थर चढवतात आणि त्याला लागून विद्युत अपघटनी द्रवात भिजवलेला कागद गुंडाळतात. हा इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर. येथे दुसऱ्या पत्र्याचे खरे काम तो द्रवच करतो. डबीचे तोंड रबराने बंद केलेले असते. पण वर्षानुवर्षे त्यातून द्रवाची वाफ थोडी थोडी निसटत राहते. कागद सुकतो, धारकता घटते, अंतर्गत रोध वाढतो. उष्णतेने हे लवकर होते : तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले, की आयुष्य साधारण निम्मे होते. ऑक्साइडचा थर खराब झाला तर एकदिश प्रवाहही झिरपू लागतो. तो फिरत्या बटणापर्यंत पोचला, की करकर ऐकू येते.

फझ फेसमध्ये २.२ आणि २० मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर या जातीचे असतात. तिसरा ०.०१ मायक्रोफॅरडचा असतो. त्यात द्रव नसतो, त्यामुळे तो सुकण्याचा प्रश्नच येत नाही.

आता थोडा हिशेब करू. संकेत आत घेणारा कपॅसिटर २.२ मायक्रोफॅरडचा आहे आणि त्यापुढचा रोध ५,००० ओहम आहे असे धरू. १ ÷ (२ × π × रोध × धारकता) या सूत्राने सीमा-वारंवारता सुमारे १४ हर्ट्झ येते. गिटारच्या सर्वांत जाड तारेची वारंवारता ८२ हर्ट्झ, म्हणजे ती सहज पार होते. पण सुकून धारकता ०.२२ मायक्रोफॅरड उरली, तर सीमा १४५ हर्ट्झवर जाते आणि त्या तारेचा संकेत जवळजवळ निम्माच पुढे पोचतो. आवाज पातळ का झाला, ते येथे कळते.

काही संग्राहक म्हणतात, ‘मूळ भाग काढला तर मूळ आवाज जाईल.’ आपल्या हिशेबाप्रमाणे उत्तर वेगळे आहे. रचनाकाराने २.२ मायक्रोफॅरड निवडले होते. आज ऐकू येतो तो सुकलेल्या भागाचा आवाज. मात्र सरसकट सगळे बदलणे किंवा ‘मोठा तो चांगला’ म्हणून दहापट धारकतेचा घालणे हेही चूकच. एक पाय मोकळा करून धारकता मोजावी. बिघडलेला असेल तोच बदलावा आणि नवा त्याच धारकतेचा घ्यावा. त्यावर लिहिलेला व्होल्ट दाब मूळच्याइतका किंवा अधिक असला तरी चालतो. काढलेला भाग फेकू नये, चिठ्ठी लावून पेटीबरोबर ठेवावा.

जोडताना धन-ऋण टोके नीट पाहावीत. सुरुवातीच्या फझ फेसमध्ये जर्मेनियमचे पीएनपी ट्रान्झिस्टर असल्यामुळे बॅटरीचे धन टोक डब्याला जोडलेले असते. नेहमीच्या सवयीने ‘डबा म्हणजे ऋण’ असे समजून जोडले, तर नवा कपॅसिटरही बिघडू शकतो.

ही पेटी ९ व्होल्टची, म्हणून निर्धोक. घरच्या विजेवर चालणाऱ्या यंत्रांची गोष्ट वेगळी. रोलँडचे १९७४ सालचे ‘स्पेस एको’ हे फितीवर प्रतिध्वनी निर्माण करणारे यंत्र त्यांपैकी एक. अशा यंत्रांच्या वीजपुरवठ्यातले कपॅसिटर सुकले, की गुणगुण सुरू होते. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर ती बहुधा १०० हर्ट्झची असते. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये भार उरू शकतो. ती यंत्रे विद्यार्थ्यांनी उघडू नयेत.

वर्गात मात्र एक सोपा प्रयोग करता येईल. १,००० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचा नवा कपॅसिटर ९ व्होल्टच्या बॅटरीवर भारित करावा. मग १,००० ओहमचा रोधक आणि एलईडी यांच्या जोडणीतून तो रिकामा करावा. दिवा दोन-तीन सेकंदांत मंद होत जाईल. जुन्या रेडिओतून काढलेला, तेवढ्याच धारकतेचा आणि किमान १६ व्होल्टचा कपॅसिटर घेऊन तेच करावे. दिवा लवकर विझला, तर किती द्रव उडाला असेल याचा अंदाज मुले स्वतःच बांधतील.