इसाराआधी खड्डा

लातूर जिल्ह्यातल्या देवणीत प्लॉट दाखवणारा माणूस रस्त्यापासून सुरुवात करतो. ३० फुटी रस्ता, कोपऱ्याचा प्लॉट, पूर्वमुखी, एन.ए. झालेला, तहसील जवळ. घेणारा सात-बारा बघतो, बोजा बघतो, वास्तुवाल्यालाही विचारून येतो. पायाखालच्या मातीबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. घर पुढे किती त्रास देणार, हे इथे बरंचसं तीच ठरवते.

ही भारी काळी. बेसाल्ट खडक झिजून झालेली, चिकण, आणि त्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर. पाणी मिळालं की ते फुगतं, वाळलं की आक्रसतं. ओल धरते म्हणून तूर-हरभऱ्याला हीच माती हवी. घराला नेमका तोच गुण नडतो. सात-बारावरचा आकार मुळात जमिनीची प्रत पाहून ठरलेला. त्यामुळे शेजारच्या कोरडवाहू गटांपेक्षा जिथे हेक्टरी आकार चढा दिसेल, तिथे पेरणाऱ्याने खूश व्हावं आणि बांधणाऱ्याने जरा थांबावं. जुनी माणसं हे ओळखून होती. पेरा काळीत, वस्ती पांढरीत. माळवदावर आणि गढीच्या भिंतीतही पांढरीच माती. गाव वाढलं, पांढरी पुरेनाशी झाली आणि प्लॉटिंग काळीत शिरलं.

एका ओळखीच्यांच्या प्लॉटवर मे महिन्यात खड्डा घेतला तेव्हा मी तिथे होतो. भेगांत मनगट सहज जात होतं. एकीत तुराटी सोडली तर ती दिसेनाशी झाली. मालकांचा बेत चार फुटांवर फुटिंग बसवून मोकळं व्हायचा. मिस्त्री म्हणाले, "वरून काय बघायलाव मालक, खाली बघा की." जेसीबीचा दात काळीत घुसला की पाचरीच्या आकाराची मोठाली ढेकळं सुटत होती, आणि त्यांच्या एका अंगाला साबण घासल्यासारखी चकाकी होती. माती दरवर्षी फुगते, आक्रसते आणि आतल्या आत एकमेकीवर घासते, त्याची ही खूण. त्याखाली चुनखडीचे पांढरे खडे असलेली पिवळसर माती, आणि माणसाची उंची ओलांडल्यावर कुठे मुरूम. त्याच प्लॉटिंगमध्ये पलीकडच्या चढावर मुरूम हातभरावर होता. भाव दोन्हीकडे एकच!

या मातीची एक चाचणी फार सोपी आहे. वाळवून बारीक चाळलेली माती दोन मोजनळ्यांत १०-१० ग्रॅम घालायची. एकीत शुद्ध पाणी, दुसरीत रॉकेल. २४ तास ठेवायचं. रॉकेलात माती फुगत नाही. पाण्यातली माती रॉकेलातल्यापेक्षा दीडपट किंवा त्याहून जास्त जागा घेत असेल, तर पाया नेहमीच्या पद्धतीने घेऊ नये. (रॉकेल मिळवणं हीच आता यातली अवघड गोष्ट.)

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. दगड-मातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसं गेली. तेव्हापासून लातूर जिल्ह्यात कॉलम-बीम म्हणजे निर्धास्तपणा, हे डोक्यात पक्कं बसलं. ते बरंच झालं. पण काळीत उथळ बसवलेलं फुटिंग कॉलम उभे केले म्हणून हलायचं थांबत नाही. उलट फुगणारी माती जड दुमजली घरापेक्षा हलकं एकमजली घर लवकर उचलते, आणि त्याहून आधी कंपाउंडची भिंत. म्हणून प्लॉट बघायला गेलो की मी आधी शेजाऱ्यांची कंपाउंडं आणि विजेचे खांब बघतो. ते कलले असतील तर बाकी चौकशी नंतर.

मुरूम जवळ असेल तर काळी उपसून पाया मुरमात न्यावा, दुसरा विचारच नको. खोल असेल तर रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशाच मातीसाठी विकसित केलेले, तळाशी फुगीर असे अंडर-रीम्ड पाइल आहेत. जमिनीतली ओल साधारण ३.५ मीटर खाली वर्षभर फारशी बदलत नाही. पाइलचा फुगीर भाग तिथे रुततो. वरची प्लिंथ बीम मातीला टेकू द्यायची नाही, खाली पोकळी ठेवायची. फरशीसाठी आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी न फुगणाऱ्या पण चिकट अशा मातीचा, दाबून बसवलेला थर सुचवला. योग्य मुरूम त्याला चालतो. आपल्याकडे बऱ्याचदा वाळू भरून वेळ मारून नेतात, आणि वाळू पाण्याला आत वाट करून देते.

घर झाल्यावर राखायची ती ओल. ती कमी-जास्त असण्यापेक्षा एका कोपऱ्यात ओलं आणि दुसऱ्यात कोरडं, हे वाईट. पन्हाळाचं पाणी पायाशी पडतं, न्हाणीचा पाइप गळतो, शोषखड्डा भिंतीला लागून असतो, नीलगिरी पायाखालची ओल ओढून घेते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं आणि त्याच वर्षी पावसाळा संपता संपता अतिवृष्टी झाली. काळीतल्या घराला याहून वाईट वर्ष नाही. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघाली, पावसाळ्यात दार अडकायला लागलं, की लोक लगेच पुट्टी भरतात. त्याआधी भेगेवर आडवी काचेची पट्टी सिमेंटने बसवा आणि तारीख लिहून ठेवा. पट्टी तडकली तर भेग अजून चालू आहे. एक पावसाळा आणि एक उन्हाळा गेल्याशिवाय दुरुस्तीला पैसे घालू नका.

आणि घ्यायचंच असेल तर इसार देण्याआधी, मालकाला विचारून, प्लॉटच्या दोन कोपऱ्यांत खड्डे घ्या. मुरूम किती फुटांवर लागला ते टेपने मोजा, पायाचा वाढीव खर्च मिस्त्रीकडून काढून घ्या आणि तेवढा भाव कमी करून मागा. जो खड्डा घेऊ देत नाही, त्याचा प्लॉट सोडून द्या.