भंगारातून उभे राहिलेले पथक

बॉम्बफेकी विमानांचे पथक म्हटले की अफाट खर्च डोळ्यांपुढे येतो. आपल्या हवाई दलाच्या पाचव्या पथकाची कथा मात्र कानपूरच्या भंगारात सुरू होते. अमेरिकेकडून उसनवार आणलेली ‘लिबरेटर’ विमाने महायुद्ध संपताच ब्रिटिशांनी तेथे मुद्दाम मोडून टाकली. ती पुन्हा कोणी उडवू नयेत, हा हेतू. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारागिरांनी त्यांतलीच निवडली, जुजबी डागडुजी करून बंगळूरला उडवत नेली आणि तेथे नीट दुरुस्त केली. २ नोव्हेंबर १९४८ रोजी पथक उभे राहिले. १९५७ साली त्याला ‘कॅनबेरा’ जेट विमाने मिळाली. १९६१ मध्ये ते संयुक्त राष्ट्रांसाठी काँगोत लढले. वैमानिकांचे शौर्य आम्ही गातोच. पण त्या शौर्याला पहिले पंख कारखान्यातल्या फिटरांनी दिले, हे आम्ही विसरू नये.